घरी नाही लागत

अमिता बसते म्हणजे टेकते. खुर्चीच्या कडेवर, एक पाय दाराकडे. चहा दिला तर अर्धा पिते आणि उठते. आमच्या चेरीतालच्या गल्लीत तिला कोणी नीट मांडी घालून बसलेलं पाहिलं असेल, तर त्यानं मला येऊन सांगावं.

तिच्या लेकीला, प्रणोतीला, जन्मापासून ऐकू येत नाही, हे कळलं तेव्हा पोर तीन वर्षांची होती. विष्णू, म्हणजे अमिताचा नवरा, तोफांच्या कारखान्यात जातो, पण ठेकेदाराकडून. त्याच मशीनवर, त्याच घामात, शेजारी उभ्या असलेल्या पक्क्या नोकरीवाल्याच्या लेकराचा इलाज सरकार करते. विष्णूच्या लेकराला शिबिरात उभं राहावं लागलं. तिथं भाषणं झाली, हार झाले, कानाचं मशीन हातात देताना फोटो झाला. फोटोत अमिता हसते आहे. तो फोटो पाहिला की मला अजून राग येतो.

राग अशासाठी, की मशीन फुकट होतं, पण पोरीचा कान काही थांबून राहिला नाही. कान वाढतो, कानातला साचा सैल होतो, मग मशीन शिट्टी मारायला लागतं. साचा नवा करा. बॅटऱ्या आणा. बोलायला शिकवणाऱ्या दीदींकडे जा, त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन ऑटो बदलून. आणि घेऊन कोण जाणार? अमिता साड्यांच्या दुकानात होती. सारख्या सुट्ट्या कोण देतो? फुकटच्या मशीनपायी तिची नोकरी गेली. हे त्या भाषणांमध्ये कोणी बोललं नव्हतं.

साड्यांच्या दुकानात इतकी वर्षं काढलेली बाई. चांगली साडी घडीत ठेवायची, बाहेर जाताना नेसायची, घरी आल्याबरोबर बदलायची, हे तिच्या हातात बसलेलं. मशीनचंही तिनं तेच केलं. घरातून निघताना प्रणोतीच्या कानात घालायचं. परत आल्यावर उंबऱ्यात चपला काढायच्या, आणि चपलांबरोबर मशीन. मग ते पुसून, छोट्या डबीत, देवाच्या फळीवर. तिनं ते प्राणापलीकडे जपलं, यात मला शंका नाही.

मी भांडले तिच्याशी. म्हटलं, "अगं, कान काय बाहेर जाण्याची वस्तू आहे?"

"काकू, घरी तिला खुणा सगळ्या समजतात. पाणी, भात, झोप. मग घरी काहून बॅटरी जाळायची?" तिनं बसल्या जागी पदराचं टोक पिळलं. "बाहेरच्या लोकांना खुणा येत नाहीत ना. त्यांच्यासाठी ठेवून राहिली मी."

मी विषय सोडला. विष्णूचा पगार मला ठाऊक होता.

पोर हळूहळू बोलायला लागली. "पानी दो", "ऑटो", "चलो", "बाय दीदी". सगळं हिंदी. आमच्या शहरात बाहेर हिंदीच चालते, अमिताही बाहेर तिच्याशी हिंदीच बोलायची. घरात मात्र चिडीचूप. विष्णू कामावरून आला की तिच्यापुढे बसून मराठीत काहीबाही बोलायचा. ती त्याच्या ओठांकडे पाहायची आणि हसायची. तो म्हणायचा, "येईल, येईल." सहावं लागत आलं होतं तिला. दीदी म्हणत, हे वय निघून गेलं की बोली बसणं कठीण. ते ऐकल्यापासून अमिताला झोप नव्हती. आणखी शिकवणी लावू का, घास भरवताना जिभेला मध लावू का, दुसरे डॉक्टर पाहू का, असं काही ना काही विचारत ती माझ्या दारात उभी असायची. बसायची नाहीच.

गेल्या महिन्यात तिच्यासोबत दीदींकडे मी गेले. दीदी भली मुलगी, कमी बोलणारी. तिनं विचारलं, "घर में आप लोग मराठी बोलते हैं न? बच्ची मराठी का एक शब्द नहीं समझती. क्यों?"

"बोलते तो हैं," अमिता म्हणाली.

"मशीन कितनी देर लगाती है?"

अमितानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. खोटं बोलायचं तर बोल, मनात म्हटलं, पण माझ्या भरवशावर नको.

"बाहर निकलते हैं तब," ती म्हणाली.

दीदी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "मतलब घर में इसने आज तक आपकी आवाज़ नहीं सुनी," एवढंच ती म्हणाली.

येताना अमितानं मध्येच ऑटो थांबवला, दुकानातून बॅटऱ्यांची दोन पाकिटं घेतली, महिनाअखेर असताना. माझ्याजवळचे पैसे घेतले नाहीत. पुन्हा बसल्यावर म्हणाली, "आजपासून काढायचंच नाही, काकू. झोपेपर्यंत नाही. इनं सकाळी डोळे उघडले की मी बोलीन." तिचा हात पोरीच्या पाठीवरून सारखा फिरत होता. तिच्यासाठी माझा इतका जीव तुटला की मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

विष्णूला तिनं फोनवर सांगितलंच होतं. तो लवकर येऊन दारात उभा होता, दाढीबिढी करून, पाहुणे यायचे असल्यासारखा.

प्रणोती पुढे धावली. उंबऱ्यापाशी थांबली. डावी चप्पल काढली, उजवी काढली. मग हात कानाकडे गेला. मशीन काढून तिनं आईपुढे धरलं आणि चक्क मराठीत, थेट अमिताच्या त्या घाईच्या सुरात म्हणाली,

"काढ ते. घयी नाई लागत."

"बोलली," विष्णू म्हणाला. "अमिता, मराठीत बोलली ना ही." त्याचे डोळे भरून आले होते.

अमिता उंबऱ्यातच खाली बसली, चपलांवर, पुरती बसली. मशीन काढायच्या आधी, ते कानात असताना, रोज याच जागी जे वाक्य ती म्हणायची, लेकीशी बोललेलं तेवढंच मराठी तिच्या कानात गेलं होतं.

मग तिनं मशीन घेतलं, पोरीच्या कानात बसवलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "लागते, बाई," ती म्हणाली. "घरीच लागते. आईचं चुकलं."

प्रणोतीनं नीट ऐकून घेतलं. मग नेहमीचंच वाक्य असल्यासारखी मान डोलावली, आणि मशीन पुन्हा काढून आईच्या हातात दिलं.