मामंजींची फोटोमागची ओळ

जगातली प्रत्येक वस्तू एका रांगेत उभी केली की जगाचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील, अशी मनापासून खात्री असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा आणि तो नेमका माझा सासरा निघावा, हे माझं नशीब. मामंजी फौजेतून निवृत्त होऊन पलूसजवळच्या आमच्या गावी ऊस पिकवायला लागले त्याला बरीच वर्षं झाली, पण फौज अजून त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. आमच्या दारातल्या चपला उंचीप्रमाणे उभ्या असतात. उसाच्या सरीला दोरी लावून बघणं मी समजू शकते, पण हे परसातल्या कोथिंबिरीलाही दोरी लावतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी चपात्यांची चवड जरा कललेली ठेवली, तर त्यांनी ती दोन्ही हातांनी सरळ केली आणि मगच घास घेतला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मनावर घिऊ नगंस. माझ्या लग्नात ह्यांनी वऱ्हाडबी रांगंत जेवाय सोडलं हुतं."

मी वेबसाइट बनवायचं काम करते, सांगलीच्या एका छोट्या ऑफिससाठी, पण घरूनच. मामंजी हात पाठीमागे बांधून माझ्या स्क्रीनची पाहणी करत उभे राहायचे. एकाखाली एक शिस्तीत सरकत गेलेल्या कोडच्या ओळी बघून एक दिवस ते भारावलेच. "सूनबाई, ही तर परेड हाय!" त्या दिवसापासून मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, दोन बोटांनी टाइप करत ते वेबपेज बनवायला शिकू लागले. हा नाद असाच नव्हता. त्यामागे आक्का होत्या.

आक्का म्हणजे मामंजींची थोरली बहीण, माण तालुक्यात दहिवडीजवळ दिलेली. आई लवकर गेली तेव्हा मामंजींना आक्कांनीच वाढवलं, आणि मामंजी ज्यांना घाबरतात अशी जगात तेवढी एकच व्यक्ती. दरवर्षी भैरोबाच्या जत्रेला त्या माहेरी यायच्या. सकाळी पालखी दीपमाळेपाशी थांबते आणि माहेरवाशिणी तिला ओवाळतात. आक्का दीपमाळेच्या पायरीवर उभ्या राहून सगळ्यात आधी ओवाळायच्या. मग काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, पाठोपाठ गुडघे गेले आणि येणं थांबलं. त्यांच्या सुनेनं त्यांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा फोन लावून दिला, तेव्हा मामंजींनी मनाशी ठरवलं, की यंदाची जत्रा आक्काला घरपोच करायची.

जत्रा झाली आणि मामंजींचं पान तयार झालं. ते वेबपेज नव्हतंच, चौकात लावायचा फ्लेक्स होता. गुलाली पार्श्वभूमी, पिवळी ठसठशीत अक्षरं, मधोमध भैरोबा, भोवती मानकऱ्यांचे फोटो. सगळा मजकूर फ्लेक्सवाल्याकडून चित्रातच छापून आणलेला. आमच्याकडे महत्त्वाचं काही सांगायचं तर ते फ्लेक्सवरच सांगायचं असतं, त्यामुळे त्यांना त्यात वावगं काहीच दिसेना. पानाची रुंदी घरातल्या मोठ्या स्क्रीनला टेप लावून ठरवलेली. मोबाइलवर सरपंच अर्धेच दिसत होते. मी ते दाखवलं, तर म्हणाले, "फोन ल्हान हाय. सरपंचांचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्कांचा फोन आला. मामंजी सावधानमध्ये उभे राहून ऐकत होते. "काय रं, तुझं पान उघाडलं. फोन म्हनतोय, इमेज, इमेज, आयएमजी शून्य शून्य नऊ. जत्रंला मानसं आली हुती का नुसतं आकडंच?" मामंजी खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत आक्कांशी बोलताना कुणी 'बसा' म्हटल्याशिवाय मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. चित्रात छापलेलं बोलणाऱ्या फोनला वाचता येत नाही; मामंजींची एवढी मेहनत जिच्यासाठी होती, तिच्यापर्यंत त्यातलं अक्षरही पोचलं नव्हतं.

आता सासऱ्यांच्या चुका सुनेनं कशा काढायच्या? मी एक युक्ती केली. "मामा, हे बघा, कुणीतरी इथं रुंदी पक्की बांधून ठेवलीय." "कोन हाय त्यो? पळवा त्याला चार फेऱ्या," मामंजी गरजायचे आणि स्वतःची चूक स्वतःच गुपचूप दुरुस्त करायचे. चित्रातला मजकूर आम्ही खऱ्या अक्षरांत लिहून काढला. गुलालीवरच्या पिवळ्या अक्षरांची काळ्यावर बदली झाली. पान मोबाइलच्या रुंदीला जुळवून घेऊ लागलं, तोच नवीन लफडं उभं राहिलं. मोठ्या स्क्रीनवर थोरली भावकी डावीकडं आणि धाकटी उजवीकडं, मानानं अगदी बरोबरीची. मोबाइलवर ते फोटो एकाखाली एक आले आणि संध्याकाळी धाकटी भावकी अंगणात हजर झाली. "आमाला खाली का घातलं?" मी त्यांना स्क्रीनची रुंदी समजावून सांगू लागले, तर एक आजोबा म्हणाले, "पोरी, रुंदी राहू दे. मान सांग." शेवटी पालखीला दोन्ही भावक्यांचा खांदा लागलेला एकच फोटो मामंजींनी शोधून काढला आणि चहा होऊन प्रकरण मिटलं.

खरी परीक्षा पुढं होती. कोडमध्ये प्रत्येक फोटोमागं एक ओळ लिहिता येते. डोळसांना ती दिसत नाही, पण बोलणारा फोन ती वाचतो. मी मामंजींना म्हटलं, फोटोत काय आहे ते इथं लिहा. त्यांनी लिहिलं, 'पुरुष सात. स्त्रिया दोन. सर्व ठीक.' आक्कांनी फोनवरून फैलावर घेतलं, "ही जत्रा हाय का हजेरी? कोन हसतंय, कुनाच्या अंगावर गुलाल हाय, कोन म्हातारं झालं, ते सांग की!" मग मामंजी एकेका फोटोपुढं तासन्‌तास बसू लागले. माणसांना उंचीप्रमाणे बघत आलेला हा माणूस पहिल्यांदाच त्यांचे चेहरे बघत होता. 'सरपंच हसत आहेत, पण फेटा डोळ्यावर आला आहे.' 'धाकट्या भावकीचा नामदेव खूप थकला आहे.' मला ते फार आवडत होते त्या दिवसांत.

एक फोटो मी काढून टाकणार होते. त्यात दगडाची पायरी तेवढी होती आणि माणूस एकही नाही. मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्याची ओळ त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिली. मी कोड तपासताना ती वाचली: 'दीपमाळेची पायरी. इथं आक्का उभी राहते. पालखी आली तेव्हा मी इथं कुणाला उभं राहू दिलं नाही.'

पान पुन्हा चढवलं त्या सकाळी आमचा फोन स्पीकरवर होता. पलीकडं आक्का एकेक फोटो ऐकत होत्या, मध्येच हसत होत्या. शेवटची ओळ त्यांच्या फोननं आपल्या सपाट आवाजात वाचली. आक्कांनी ती पुन्हा एकदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "पायरीवर ऊन आलं हुतं का रं?"

मामंजींनी फोटो निरखला, पण गुलालाच्या धुरळ्यात ऊन-सावली काही कळत नव्हती. "बघितलं न्हाई, आक्का."

दुसऱ्या दिवशी पालखीच्या वेळेला ते एकटेच देवळाकडं जाऊन आले आणि दोन बोटांनी पुढची ओळ लिहिली: 'ऊन खालच्या पायरीपर्यंत येतं. आक्काच्या जागेवर सावली असते.'

ती ओळ पानावर चढवताना माझ्या लक्षात आलं, की फोटो एका बाजूला चांगलाच कललाय. चपात्यांची चवड आठवून मी लगेच विचारलं, "मामा, सरळ करू?"

"नगं," मामंजी म्हणाले. "गुडघा दुखायचा तिचा. ती अशीच उभी ऱ्हायची, एका अंगाला कलून."