पाय दुखतो

आमच्या दवाखान्यात अपघात विभागाच्या दारातच तिचं टेबल होतं. कोण आलं, वय काय, कशामुळे आलं, हे ती वहीत लिहायची. सगळे तिला वहीबाई म्हणत. बावीस वर्षांत तिने एक रकाना रिकामा सोडला नाही. मी शेजारच्या खोलीत मलमपट्टी करायचो, त्यामुळे तिचं खोटं मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

खोटं म्हणजे एवढंच. म्हातारी माणसं न्हाणीघरात, पायरीवर पडून यायची आणि तिच्या कानाशी लागायची, पडलो असं लिहू नका, मुलगा घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. वहीबाईला दया यायची आणि ती लिहायची, 'पाय दुखतो'. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, पायही दुखतोच ना.

मग दवाखान्याने म्हाताऱ्यांसाठी तोल सांभाळायच्या व्यायामाचा वर्ग काढला. मागच्या खोलीत, आठवड्यातून दोनदा, खुर्चीला धरून. वहीबाईची आईही जायची. भिंत धरून चालणारी ती बाई दोन महिन्यांत हात सोडून दारापर्यंत येऊ लागली. लेकीला केवढं अप्रूप! त्याच सुमारास वरून फर्मान आलं की वर्गाचा उपयोग वहीवरून मोजणार, तेव्हा पडलेल्या प्रत्येकाची नोंद 'पडले' अशीच करा. आईच्या वर्गाचा प्रश्न होता. वहीबाईने कानाला खडा लावला आणि डोळ्यांत तेल घालून खरं लिहू लागली.

वर्षाने नोंदी तपासायला एक तरुण अधिकारी आला. सभ्य होता बिचारा. वर्गाआधीच्या वर्षी पडलेले एकोणीस, नंतरच्या वर्षी चौसष्ट. म्हणजे वर्गामुळे म्हातारे जास्त हिंडतात आणि जास्त पडतात, असा निष्कर्ष त्याने काढला. आधीच्या कित्येक पडलेल्यांपुढे आपण 'पाय दुखतो' लिहिलं, अशी वहीबाईने चारचौघांत आपली चूक कबूल केली. त्याने जुन्या वह्या तिच्यापुढे ठेवल्या. "यातले पडलेले कोणते, तेवढं दाखवा."

तिने पानं उलटली. शेकडो 'पाय दुखतो', एकाच हातचे, एकाच शाईचे. मीही चष्मा लावून बसलो. दहाबारा आठवले, पुढे डोकं चालेना. वर्ग बंद झाला. मला त्या अधिकाऱ्याचा राग आला, वहीबाईचा त्याहून जास्त, आणि इतकी वर्षं गप्प बसलो म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त.

आई पुन्हा भिंत धरू लागली. चार महिन्यांनी एका सकाळी तिला स्ट्रेचरवरून आणलं. खुबा मोडलाय हे मला लांबूनच कळलं. घराच्या दारातच पडल्या, असं शेजारीण सांगत होती. वहीबाईने तारीख, नाव, वय लिहिलं. पुढच्या रकान्याशी आईने तिचं मनगट धरलं.

"पाय दुखतो असं लिही."

"आई, तुला कोण रागावणार आहे आता?"

"रागावण्याचा प्रश्न नाही गं. पडणाऱ्यांचा आकडा वाढला म्हणून वर्ग बंद केला ना? आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, पडलो तरी सांगायचं नाही. आकडा उतरला की परत सुरू करतील."

गेल्या चार महिन्यांत नुसता पाय दुखतो म्हणून आलेले सगळे मला एकदम आठवले. वर्ग बंद केला आणि पडणं थांबलं, असंच वही सांगत असणार. वहीबाईने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते कळलं होतं.

तिने आईची बोटं एकेक करून सोडवली आणि लिहिलं, 'पडली'.