नावेची दुसरी बॅटरी

धरण झालं तेव्हा आमच्या शेताचे दोन भाग झाले. अल्याड तांडा राहिला आणि पल्याड टेकडीला लागून उरलेली जमीन. रस्त्याने पल्याड जायचं तर साऱ्या पाण्याला वळसा घालावा लागतो, त्यात अर्धा दिवस जातो. म्हणून मी नाव घेतली. आमच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला, पण पाण्यावर आमच्यातलं कोणी गेलं नव्हतं. मी गेलो. वल्हं मारायला मला कोणी शिकवलं नाही. दोनदा पाण्यात पडलो आणि शिकलो.

मागच्या वर्षी उजवा खांदा गेला. डॉक्टरने सांगितलं, वल्हं हातात धरायचं नाही. माझ्या मुलाने तेवढंच ऐकलं आणि ठरवून टाकलं की नाव विकायची, पल्याडची जमीन मक्त्याने द्यायची.

"बा, आता बस झालं," तो म्हणाला. "लिंबाखाली खाट टाकून देतो. आराम करा."

"खाट मेल्यावर टाकजो," मी म्हणालो. "आता मी पल्याड चाल्लो."

घरात आम्ही गोरबोलीतच, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतच बोलतो, इथे मराठीत लिहितो आहे. पण भांडण कोणत्याही बोलीत सारखंच.

मी एक लहान मोटर आणली, बॅटरीवर चालणारी, आणि नावेच्या मागच्या फळीला कसली. एक बॅटरी घरी भरायची. पण आमच्या तांड्यात वीज येते ती आजाऱ्यासारखी, त्यामुळे ती बॅटरी जाण्यापुरती आणि अर्ध्या परतीपुरतीच भरे. येताना वारा तोंडावर असतो, तेव्हा खरा जोर लागतो. त्यासाठी दुसरी बॅटरी पाहिजे, आणि ती भरायची कुठे?

मुलाची पिकअप गाडी आहे. रोज पहाटे आसपासच्या गावांचा भाजीपाला घेऊन तो दिग्रसला जातो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत येतो. मी विचार केला, गाडीचं इंजिन तसंही फिरतं, आपल्या बॅटरीसाठी करंट बनवतं. त्यातलाच थोडा माझ्या बॅटरीला दिला तर गाडीचं काय जातं? मी दुसरी बॅटरी पेटीत घालून गाडीच्या मागे बांधली आणि गाडीच्या बॅटरीपासून वायर ओढून तिला लावली. ती नावेत लागेल तेव्हा लागेल, सकाळी दिग्रस फिरून येईल.

"गाडी हाये का आगबोट?" मुलगा म्हणाला. पण वायर काढली नाही.

कापूस वेचायचे दिवस होते. एका संध्याकाळी मी आणि माझी बायको कापसाची गाठोडी घेऊन पल्याडून परत निघालो. मध्यावर पहिली बॅटरी संपली. मी ऐटीत दुसरी जोडली. मोटर थोडी गुरगुरली आणि गप्प झाली. सकाळीच दिग्रस पाहून आलेली बॅटरी, आणि तिच्यात जीव नाही! वाऱ्याने नाव बुडालेल्या बाभळींच्या खुंटांकडे ढकलली.

"आता काय करता?" बायको म्हणाली. "बॅटरीले गुदगुल्या करता का?"

मी डाव्या हाताने वल्हं मारलं, दुसऱ्या बाजूने ती बसायची फळी काढून पाणी तोडत होती. काठाला लागलो तेव्हा दिवस बुडाला होता आणि मुलगा गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने नाव ओढून घेतली. आईला म्हणाला, "याडी, आता या नावेत पाय ठेवू नको." मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "येत्या बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक येऊन राह्यलं नाव पाहाले. बोलनं झालं माझं."

नाव गेली की पल्याडची जमीन गेली. जमीन दुसऱ्याच्या हातात गेली की मी लिंबाखाली. मला सगळं दिसत होतं. बाजाराला अजून काही दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी मुलाच्या गाडीतून दिग्रसच्या बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने माझी वायर बोटात धरली. "आजोबा, हा तर फवारणी पंपाचा वायर हाये. इतक्या बारीक वायरातून मागपर्यंत काय पोहोचन?" त्याने जाड वायर टाकली, दोन्ही टोकांना फ्यूज बसवले आणि एक रिले लावला, म्हणजे डबीएवढा आपोआप चालणारा खटका. चाबी चालू केली की दोन्ही बॅटऱ्या जुळतात, बंद केली की सुटतात. नाहीतर उभ्या गाडीत माझी बॅटरी गाडीच्या बॅटरीचा करंट पिऊन टाकेल आणि गाडी स्टार्टच होणार नाही, असं तो म्हणाला. मला पटलं.

तरी दुसऱ्या दिवशी बॅटरी अर्धीच भरून आली. बॅटरीवाल्याने गाडी चालू ठेवून मीटर लावून दाखवला, करंट जात होता. "माझं काम बराबर हाये," तो म्हणाला. ते खरंच होतं. मुलगा म्हणाला, "सांगतलं होतं न." ते मात्र मी ऐकून घेतलं नाही.

मी ठरवलं, बॅटरीजवळच बसायचं. गाडीच्या हेडलाइटचा एक जुना बल्ब घेतला, बॅटरीला जोडला आणि पहाटे मागे भाजीच्या पोत्यांमध्ये जाऊन बसलो. बॅटरी भरत असली की बल्ब पांढरा जळतो, नुसती खर्च होत असली की पिवळा पडतो, एवढं मला माहीत होतं. उजाडल्यावर नीट दिसावं म्हणून बल्ब, बॅटरी आणि मी, तिघं घोंगड्याखाली. वाटेत वांगी घेऊन एक बाई चढली. तिने घोंगडं पाहिलं, आतला उजेड पाहिला आणि विचारलं, "म्हातारबा, अंडे उबवून राह्यले का?"

"हो," मी म्हणालो. "हलू नका, फुटतीन."

चढावर बल्ब पांढराशुभ्र. मग टेकडीचा माथा आला आणि मुलाने तेच केलं जे या रस्त्यावर सगळेच गाडीवाले करतात. गिअर काढला, इंजिन बंद केलं आणि चाबी परत चालू करून ठेवली, म्हणजे हॉर्न वाजतो, लाइट लागतो. गाडी आपल्या वजनाने थेट नाल्यापर्यंत उतरते, डिझेल वाचतं. बल्ब हळदीसारखा झाला. पुढचा उतार आला, पुन्हा हळद. आमच्या रस्त्याला उतार काही कमी नाहीत.

दिग्रसला माल उतरवून तो केबिनमध्ये व्यापाऱ्याची वाट पाहत बसला. इंजिन बंद, चाबी चालू, वर गाणी. बल्ब आणखी पिवळा. रिलेला वाटत होतं गाडी चालू आहे, कारण चाबी चालू होती. माझी बॅटरी भरत नव्हती, गाणी ऐकत होती.

मी घोंगडं फेकलं आणि केबिनचं दार उघडलं.

"उतारावर गाडी बंद काहून करतं?"

"सारेच करते, बा. डिझेल कोन देते?"

"आन् गाने?"

"आता गाने बी बंद करू का?"

"गाने आयक. पन माह्या बॅटरीवर नको."

मी त्याला तसाच बॅटरीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने रिलेची तार चाबीवरून काढून डायनॅमोच्या तारेवर घेतली. आता इंजिन फिरेल तेव्हाच बॅटऱ्या जुळतील. गाण्याचा प्रश्न मिटला. उताराचा राहिला, कारण बंद इंजिन कोणतीच बॅटरी भरत नाही. मुलगा म्हणाला, मी तर बंद करणार. तोही माझाच.

दुसऱ्या दिवसापासून मी मागे बसलो नाही, केबिनमध्ये त्याच्या बाजूला बसलो. टेकडीचा माथा आला की मी चाबीवर हात ठेवायचा.

"बा, हात काढा."

"नाही काढत."

"लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. तू रस्ता पाह्य. इंजिन बंद केलं का ब्रेकबी दगडावानी होते, ते नाही दिसत तुले?"

बाजारापर्यंत रोज असं चाललं. तो रागाने लाल होऊन गाडी चालवत होता, मी हात ठेवून बसलो होतो.

बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक दुपारीच येऊन काठावर बसलं. मुलगा म्हणाला, "याले थांबू दे. आज मी येतो संग. वारा हाये." त्याची आईसुद्धा येऊन नावेत बसली. तो ओरडला, ती हलली नाही.

पल्याड कापसाची गाठोडी भरली. परत निघताना मी पहिली बॅटरी जोडलीच नाही, सरळ दुसरीला हात घातला.

"आधी ते संपू द्या न," मुलगा म्हणाला.

"हेच लावतो. अख्खं पानी हिच्यावर."

"आन् मधात बंद पडली तं?"

"तं नाव तुही."

वारा त्या दिवशी खोटा नव्हता. पाणी नावेत उडत होतं, कापूस भिजू नये म्हणून बायको गाठोड्यांवर आडवी पडली होती. खुंट जवळ आले तेव्हा मुलाने वल्हं उचलून मांडीवर घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही, मोटरकडे पाहत राहिला. मोटरचा आवाज जरा खाली गेला, पण ती वाऱ्याची झडप होती. आवाज परत वर आला. खुंट मागे पडले. नाव काठाच्या चिखलात घुसली तरी मोटर फिरतच होती. मी ती बंद करायला जरा उशीरच लावला.

गिऱ्हाईक उठून आलं. "मग, कधी नेऊ नाव?"

मुलगा पँट पिळत होता. तो माझ्याकडे पाहायला लागला.

"मले काय पाहतं?" मी म्हणालो. "त्याले सांग."

"नाही इकाची," तो म्हणाला. "तुमाले उगाच चक्कर पडली. चला, चहा घ्या."

मी बॅटरीच्या पेटीची एक कडी डाव्या हातात धरली. दुसरी त्याने धरली. पेटी गाडीत ठेवून तिला वायर जोडताना तो म्हणाला, "उद्या तुमी नका येऊ. मी उतारावर चाबीले हात नाही लावत."

"येतोच मी," मी म्हणालो.