पाच पैशांचा तास

११ मे १९८३, बुधवार. लातूर. ऊन कडक. नगरपालिकेचा नळ आज नवव्या दिवशीही कोरडा. आमच्या गल्लीच्या बोअरवर पहाटेपासून घागरी. साखराबाईच्या किल्लीचा निकाल चार वाजता.

साखराबाई बोअरची मोटार चालवायची. किल्ली कमरेला, घंटा हाताशी, आणि आवाज असा की रांगेत घुसणारी बाई आपोआप मागे सरायची. गल्लीची समिती तिला जो पगार द्यायची, त्यावर तिचं आणि अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं घर चालायचं.

लातूर जिल्हा झाला आणि समितीचे रामकिशनराव नव्या कचेरीत कारकून झाले. तेव्हापासून त्यांना तक्ते मांडायची हौस जडली. सकाळची झुंबड मोडायला त्यांनी दर लावले: सकाळी घागरीला दहा पैसे, बारानंतर पाच. "आठ दिवसांत रांग मोडली नाही, तर किल्ली नरसिंगकडे," असा ठरावही केला. नरसिंग त्यांचा मेहुणा.

आज आठवा दिवस. सहालाच बोअरपासून पारापर्यंत घागरी. माणूस एकही नाही. घागर ठेवली की बाई रांगेत, हा गल्लीचा जुना कायदा. बाराची घंटा वाजली की सगळ्या एकदम धावायच्या.

"साखराबाई, रांग कुठं मोडली?" रामकिशनरावांनी विचारलं.

"साहेब, बाया गेल्या की घरला! ह्या नुसत्या घागरी. त्यास्नी ऊन लागत न्हाई."

सकाळी दहा पैसे मोजायची ती एकटी पार्वतम्मा. "माझ्या पूजेतल्या लिंगाला सस्तं पाणी चालत न्हाई," असं ती शेजारणींना ऐकू जाईल इतक्या जोरात सांगायची.

आठ वाजता रामकिशनराव कचेरीला गेले. साखराबाई रांगेकडे बघत बसली. सगळ्यांना एकाच वेळी स्वस्त, म्हणून सगळ्या एकाच वेळी. तिने खडू घेतला आणि घागरींवर खुणा केल्या. वरच्या आळीला गोल, मधल्या आळीला फुली, खालच्या आळीला रेघ. गोलाला नऊचा तास, फुलीला अकराचा, रेघेला दोनचा. आपल्या तासाला पाच पैसे, एरवी दहा.

"नऊला माझी भाकर तव्यावर आसती!" वरच्या आळीची चांगुणा कडाडली.

"मग खालच्या आळीच्या कोंडाबाईशी तास बदल. न्हाईतर दहा दे."

चांगुणाने कोंडाबाईला वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली आणि दोनचा तास घेतला. दुपारपर्यंत गल्लीभर असे सौदे चालले होते. आपला तास राखलेला, मग पहाटे घागर कशाला ठेवायची? बायकांनी घागरी घरी नेल्या.

चारला समिती आली. बोअरवर एकच घागर, आणि इस्त्रीचा शर्ट घालून किल्ली न्यायला आलेला नरसिंग. रामकिशनरावांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, आणि तक्ता घडी करून खिशात घातला.

"किल्ली राहू द्या तिच्याकडेच," ते म्हणाले.

नरसिंगने ओशाळून तोंड धुवायला एक तांब्या पाणी मागितलं.

"तुमची आळी कोंची?" साखराबाईने विचारलं.

"वरची."

"मग तुमचा तास कवाच सरला, पावणं. दहा पैसे."

संध्याकाळची नोंद: आमच्या मधल्या आळीच्या तासाला दोन घागरी भरल्या. माठ बुडाशी पाझरतो. शनिवारी नवा आणणे.