शालिग्रामचे पास

रोहिणखेडचा शालिग्राम बुलढाण्याच्या कॉलेजात आला तेव्हा त्याने बास्केटबॉल जवळून पाहिलेलाही नव्हता. ही सदुसष्ट सालच्या आसपासची गोष्ट. कॉलेजच्या मागे मुरमाचं मैदान होतं, दोन्ही टोकांना लाकडी फळ्या आणि त्यांवर लोखंडी कड्या. वर्षभरात हा पोरगा असा तयार झाला की चेंडू त्याच्या हाताखाली पाळल्यासारखा चाले. दोन गडी अंगावर आले तरी तो मधून निसटायचा. खेळाच्या सरांनी त्याला गार्ड केलं. चेंडू पुढे आणायचा त्यानेच, आणि तो कोणाला द्यायचा हेही त्यानेच ठरवायचं.

आणायचं काम तो सुरेख करी. घोटाळा द्यायच्या कामात होता. त्याचा पास आपल्या गड्याकडे पोचण्याआधी समोरचा कोणीतरी मध्येच झडप घाली. सुरुवातीला सगळे हसले. नवा आहे, शिकेल. पण मलकापूरच्या कॉलेजशी सामना झाला आणि हसणं थांबलं.

मलकापूरच्या संघात हिंमतराव नावाचा एक लांब हातांचा गडी होता. शालिग्रामच्या हातून चेंडू सुटला रे सुटला की हिंमतराव तिथे हजर. जणू कोणी त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. सामना गेला. परतीची एसटी राजूर घाट चढू लागली तेव्हा कॅप्टन शेषराव मागे वळला.

"काऊन बे शालिग्राम, त्या हिंमतरावच्या बहिणीसंग तुह्या लग्नाची बोलणी चालू हाये म्हणतात?"

बोलणी चालू होती, हे खरं. दिवाळीनंतर शालिग्रामचे वडील मलकापूरला जाऊन मुलगी पाहून आले होते. जनका तिचं नाव.

"हाव," शालिग्राम म्हणाला. "पण त्याचा इथं काय संबंध?"

"मी कुठं म्हटलं संबंध हाये?" शेषराव म्हणाला आणि पुन्हा पुढे तोंड करून बसला.

त्या दिवसापासून मैदानावरची हवा बदलली. शालिग्राम आला की चाललेलं बोलणं थांबे. सरावात पास चुकला की कोणी ओरडत नसे, फक्त एकमेकांकडे बघत. ओरडले असते तर बरं, असं त्याला वाटे. सरांनी पुढच्या सामन्यात त्याला बाहेर बसवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "थोडा आराम कर."

बाहेर बसल्या बसल्या शालिग्रामच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळू लागला. लग्नाची गोष्ट त्याने कॉलेजात एकट्या गफ्फारला सांगितली होती; मग शेषरावला ती कळली कशी? गफ्फार त्याचा जिवलग, वसतिगृहात शेजारच्या खाटेवर झोपणारा. पण गफ्फारचे मामू मलकापूरलाच राहत, आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे जाई. शिवाय चोरीला गेलेले बहुतेक पास गफ्फारलाच दिलेले होते. तो मुद्दाम उशिरा पोचत होता, की पासची खबरच मलकापूरला देऊन येत होता? शालिग्राम त्याच्याकडे चोरून बघू लागला. एका सकाळी पाण्याच्या हौदाजवळ त्याने विचारूनच टाकलं.

"शेषरावले काय सांगतलं तू? अन् मलकापूरले काय सांगून आलता?"

गफ्फारला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "तुह्या लग्नाचं मी नाही सांगतलं. तुह्या बाबांनीच एसटीत अर्ध्या मोताळा गावाले सांगतलं. अन् पासचं म्हणशील, तर मी पयत कडीपाशी पोचतो अन् चेंडूच येत नाही. त्याचंही खापर माह्याच डोक्यावर?" तो बादली उचलून निघून गेला. खाट मात्र त्याने हलवली नाही. नुसतं बोलणं बंद.

पुढे हिंमतराव लग्नाची बोलणी करायला बुलढाण्याला आला. स्टँडवरच्या हॉटेलात दोघं चहा प्यायले. शालिग्रामने सरळ विचारलं, "माहे पास तुले कोण सांगते?"

"तूच सांगतो," हिंमतराव म्हणाला. "ज्याले द्यायचा, त्याच्याकडं तू अगोदर पायतो. मंग डावा खांदा खाली जाते. आमच्या सगळ्याईले ठाऊक हाये."

शालिग्रामचा विश्वास बसला नाही. समोरचा गडी आपलं गुपित आपल्यालाच कशाला देईल? आता नजर दुसरीकडे ठेवायला लावून हा उरलासुरला खेळही बिघडवणार, अशीच त्याला शंका आली. कितीतरी दिवस ते वाक्य त्याने कोणाला सांगितलं नाही.

शेवटी तो गफ्फारकडेच गेला. "समोर उभा राय. मी पास देतो. अडवून दाखव."

गफ्फार न बोलता उभा राहिला. शालिग्रामने भिंतीकडे, झाडाकडे, कडीकडे पास टाकले. गफ्फारने एकही जाऊ दिला नाही. "हाव बे," तोच शेवटी म्हणाला, "तू अगोदर पायतोच!" आणि दोघांनाही हसू आलं.

मग रोज सकाळी तेच. डोळे एकीकडे, चेंडू दुसरीकडे. खांद्याची सवय जाता जात नव्हती, तेव्हा गफ्फार मागून त्याचा खांदा धरून ठेवी.

विद्यापीठाच्या स्पर्धेत पुन्हा मलकापूरच समोर आलं. दुसरा गार्ड पाय मुरगळून बसला म्हणून सरांना शालिग्रामला उतरवावं लागलं. त्या दिवशी हिंमतरावचा हात रिकाम्या हवेत फिरत राहिला. चेंडू गफ्फारकडे, शेषरावकडे बिनचूक जात होता. बुलढाणा जिंकलं. हिंमतराव स्वतः येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

शेषराव मात्र टॉवेलने तोंड पुसत बाकीच्यांना म्हणाला, "पायलं? येते त्याले. म्हणजे तवा मुद्दामच सोडत होता. आता लग्न पक्कं झालं, सासरची भीती गेली."

शालिग्रामने ते ऐकलं. वाईट खेळला तेव्हाही तो चोर, आणि चांगला खेळला तोच पुरावा.

उन्हाळ्यात मलकापूरला लग्न झालं. संघातून एकटा गफ्फार आला आणि पंगतीत वाढायला उभा राहिला.

पुढे शालिग्राम शाळेत खेळाचा मास्तर झाला. एकदा मोताळ्याच्या स्टँडवर त्याला शेषराव भेटला, केस पांढरे व्हायला लागलेला. चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली. मग शेषराव जवळ सरकला.

"आता तरी खरं सांग लेका. लग्नासाठीच होतं ना ते?"

"नाही," शालिग्राम म्हणाला. "मले पासच देता येत नव्हता."

शेषरावने डोळा बारीक केला, त्याचा हात दाबला आणि म्हणाला, "बरं, बरं. मी कोणाले सांगत नाही."