भिंतीतलं मीठ

पेणच्या आमच्या घराच्या भिंतीला परवा खार फुटलेला दिसला. पांढरा भुगा बोटाला लागला आणि मला मुंबईतलं बंदराकाठचं ते हॉटेल आठवलं.

पूर्वी तिथे मिठाचं गोदाम होतं. आता उघड्या विटांच्या भिंती, रंगवलेले लोखंडी खांब आणि महागडी कॉफी. नव्या नोकरीतल्या मैत्रिणींबरोबर मी बाबांनाही तिथे नेलं होतं. बाबा जन्मभर खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. तरुणपणी मचव्यातून गोण्या घेऊन याच गोदामात यायचे. बसण्याआधी त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, मीठ पारखताना लावायचे तसं जिभेला लावलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "आपलं मीठ अजून हाय गो हिच्यात!"

मैत्रिणी हसल्या. मीही हसले, त्यांच्यापेक्षा जोरात. "शी, बाबा! काय हे?" म्हणत त्यांच्या हातात टिश्यू पेपर कोंबला. त्यांनी निमूट बोट पुसलं. नंतर तो हात काही त्यांनी टेबलावर ठेवला नाही.

बाबा आता नाहीत. परवा भुगा लागलेलं ते माझं बोट मी जिभेला लावलं. पण त्याआधी वळून पाहिलं, दारात कोणी उभं तर नाही ना.