खडीतून जाणारं पाणी

"दुप्पट जोर लावला म्हणून दुप्पट पाणी येत नाही, गड्या," असं म्हणत आमचे साहेब काचेच्या नळीवर नखानं टकटक करायचे. अडकलेले बुडबुडे सुटून वर जायचे आणि साहेब तेवढ्यावरच खूश व्हायचे.

एकच गोष्ट भेटेल त्याला समजावून सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोरेगावच्या बाजारात त्यांनी एकदा चहावाल्यालाच धरलं.

"उतारावरनं सायकल जोरात आली अन् वळण लागलं, तर काय व्हतं?"

"पडतंय की माणूस, साहेब."

"पाणी पडत न्हाई. पर धडपडतं लय!"

चहावाल्यानं मान हलवली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. साहेब आजारी असावेत असं त्याला वाटलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका लहान मातीच्या धरणाचं काम चालू होतं. साहेब तिथल्या तपासणी-शेडचे इंजिनिअर, मी नकाशे काढणारा ट्रेसर. शेडमध्ये पुरुषभर उंचीचा एक लोखंडी पाइप खडीनं भरलेला होता. वरच्या टाकीतलं पाणी त्यातून सोडायचं आणि बाजूच्या काचनळ्यांत त्याचा दाब बघायचा. बारीक वाळूतून पाणी हळू झिरपतं. तिथं दाब दुप्पट केला की पाणीही दुप्पट. कागदावर सरळ रेघ. मोठ्या खडीतून मात्र पाणी वेगानं जातं. वेगात असलं की त्याला सरळच जायचं असतं, आणि दर दगडाला वळण. त्या वळण्यातच त्याचा जोर संपतो. रेघ वाकते. मी ती सवयीनं सरळ ओढली की साहेब म्हणायचे, "वाकतीय तर वाकू द्या."

धरणाच्या पायथ्याशी खडीचा निचरा घालायचा होता, म्हणजे भिंतीत झिरपलेलं पाणी सुखरूप बाहेर पडावं. त्याची रुंदी सरळ रेघ धरून काढलेली. साहेबांचं म्हणणं, ती अपुरी आहे. पाणी तुंबेल आणि भिंत आतून भिजेल. त्यांचे वरिष्ठ, म्हणजे आमचे मोठे साहेब, वैतागले. "एका पाइपवरून मी नकाशा बदलू?" शेवटी सोमवारी येऊन प्रयोग बघतो म्हणाले.

त्याच आठवड्यात साहेबांची बायको साताऱ्याच्या दवाखान्यात बाळंतपणात गेली. मूलही गेलं. कोरेगावला माती झाली. आम्ही गेलो होतो. सगळे बुद्धवंदना म्हणत होते. साहेबांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

सोमवारी साहेब शेडमध्ये हजर. मोठे साहेब म्हणाले, "अहो, आज राहू द्या."

"टाकी भरलीय," साहेब म्हणाले.

त्यांनी पाण्याची चावी थोडी थोडी उघडत नेली आणि एकाच सुरात आकडे सांगत गेले. आकडे संपले तेव्हा मोठे साहेब खाली बघत म्हणाले, "ठीक आहे. निचरा रुंद करा."

साहेबांनी चावी बंद केली. सगळे गेल्यावर मला विचारलं, "मोठे साहेब नळीकडं बघत होते, का माझ्याकडं?"

मला खोटं बोलवेना. "तुमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. "काल तुम्ही मला बघितलंत. आज नळी बघा."

मोठे साहेब आले. या वेळी चष्मा पुसून उकिडवे बसले, शंका काढल्या, एक चाचणी पुन्हा करायला लावली. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "खरंच वाकते हो." इतर वेळी साहेब यावर नाचले असते. त्या दिवशी नुसतं "हो" म्हणाले.

निचरा रुंद झाला. वर माती पडली, रोलर फिरला. साहेबांची आई त्यांच्याजवळ राहायला आली. मला दारात गाठून म्हणायची, "आवं, ह्यो रडला बी न्हाई. भाजीत मीठ न्हाई घातलं तरी खातूय. पोळलं तरी हात काढत न्हाई." शेडमध्येही तेच. काम चोख, पण चहावाल्यालासुद्धा आता काही सांगत नव्हते.

पावसाळ्यानंतर धरण भरलं आणि त्यांची सांगलीला बदली झाली. निघायच्या दिवशी जीपमध्ये सामान चढलं, आई पुढं बसली, आणि साहेब म्हणाले, "जरा येतो."

मी मागोमाग गेलो. पायथ्याशी निचऱ्याच्या तोंडातून पाणी येत होतं. स्वच्छ, मातीचा कण नाही. साहेब ते बघत राहिले. मग बूट काढले, मोजे काढले, विजारीच्या कडा दुमडल्या आणि दगडावर बसून पाय आत सोडले.

"गार हाय," ते म्हणाले.

वर रस्त्यावर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. साहेब उठले नाहीत. पुन्हा वाजवायला त्यानं हात उचलला, तो आईनं वरच्या वर धरला.